नॅचरल शोचा प्रेप: आत शिरायच्या आधी बाहेर यायचा रस्ता ठरवा

स्टेजवरची बॉडी म्हणजे फिटनेसचा कळस असं ज्याला वाटतं ना, त्याने बॉडीबिल्डिंग शोच्या आदल्या आठवड्यात एखाद्या नॅचरल, म्हणजे स्टिरॉइड न घेणाऱ्या मुलाला दोन मजले जिना चढताना बघावं. मी चढलोय. पहिल्या मजल्यावर थांबलो, मोबाईल बघतोय असं नाटक केलं, दम खाल्ला, मग पुढे गेलो. आणि त्याच दिवशी आरशात मांडीवरच्या रेषा एकेक मोजता येत होत्या.

पहिल्यांदा शो करायचा विचार करताय अशांसाठी लिहितोय, आणि प्रेप म्हणजे त्या शोआधीची काही महिन्यांची तयारी. डाएट चार्ट देणार नाही, तो ज्याचा त्याचा वेगळा. शरीरात काय काय होतं, ते आधीच कसं ओळखायचं, कुठपर्यंत चालवून घ्यायचं आणि शो झाल्यावर परत माणसात कसं यायचं एवढंच सांगतो. दोन शो केलेत, पहिल्यात जवळपास सगळ्या चुका करून झाल्यात, त्यामुळे थोडं बोलायला हरकत नाही.

सगळ्यात आधी एक डोक्यात घ्या. तुमच्या शरीराला शो-बिओ काही कळत नाही. त्याला फक्त एवढं कळतं की साठा आटत चाललाय आणि वरून खायला कमी येतंय, म्हणजे दुष्काळ पडलाय. चरबी म्हणजे नुसतं गोदाम नाही, ती लेप्टिन नावाचं हार्मोन सोडते (1994 मध्ये सापडलं हे) आणि त्यावरून मेंदूला कळतं की शिल्लक किती आहे. शिल्लक कमी झाली की मेंदू खर्च बंद करायला लागतो, आणि घरात पैसे संपत आले की जसं आधी हौसेमौजेवर कात्री लागते तसंच इथे होतं. सेक्स, मूड, अंगाची ऊब, हातवारे, पायाची चाळवाचाळव, हे सगळं आधी जातं. हृदय आणि मेंदू शेवटपर्यंत चालू ठेवले जातात, पण कमी वॉल्टेजवर.

कमी म्हणजे किती? 2013 साली एका नॅचरल बॉडीबिल्डरचा वर्षभराचा अभ्यास छापून आला होता, सहा महिने प्रेप आणि सहा महिने रिकव्हरी. त्याचं फॅट 14.8 टक्क्यांवरून 4.5 वर आलं. विश्रांतीतले हृदयाचे ठोके मिनिटाला 53 वरून 27 वर. सत्तावीस! टेस्टोस्टेरॉन मिलिलिटरमागे 9.22 नॅनोग्रॅमवरून 2.27 वर, म्हणजे पावपटीच्या आत. मूड किती बिघडलाय ते मोजायचा स्कोअर 6 वरून 43. आणि हा माणूस कुठलंही औषध न घेता, नीट प्लॅन करून प्रेप करत होता. चांगली गोष्ट ही की सहा महिन्यांच्या रिकव्हरीत टेस्टोस्टेरॉन पूर्ण वर आलं, पण ताकद तेवढ्या काळात पूर्ण परत आली नाही. एकाच माणसाचा अभ्यास आहे, तुमचे आकडे वेगळे असतील, दिशा मात्र हीच असणार. जे एन्हान्स्ड (स्टिरॉइड घेणारे) असतात त्यांचं टेस्टोस्टेरॉन बाहेरून येत असतं म्हणून त्यांना हा खड्डा तसा जाणवत नाही, त्यामुळे त्यांचा प्लॅन उचलून नॅचरल माणसाने चालवू नये.

सुरू करायच्या आधी

डाएट सुरू करण्याआधी दोन-तीन आठवडे नॉर्मल खाऊन स्वतःचा बेस मोजून ठेवा, ही स्टेप बहुतेक लोक गाळतात आणि मीही गाळली होती. सकाळी उठल्या उठल्या पल्स, ब्लड प्रेशर, वजन, किती तास झोप, रोजची पावलं, मोठ्या लिफ्टचे आकडे. मुलींनी पाळीच्या तारखा. आणि एकदा ब्लड टेस्ट: टेस्टोस्टेरॉन (सकाळी लवकर आणि उपाशीपोटी द्यायचं, दुपारी दिलं तर कमीच दिसतं), थायरॉइड त्यात टी3 (थायरॉइडचं हार्मोन) सकट, फेरिटिन (लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी, लिपिड. जमलं तर ईसीजी. हे नसेल तर चौथ्या महिन्यात पल्स 44 दिसल्यावर ती तुमच्यासाठी नेहमीची आहे का नवीन, हे कोणीच सांगू शकणार नाही.

इथे एक गंमत. मी लेग डे मारून दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त द्यायला गेलो. रिपोर्टमध्ये लिव्हरचे एन्झाइम वर, क्रिएटिनिन (किडनीसाठी बघतात ते) वर, माझे हातपाय गार. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं की व्यायाम कधी केला होता. जड लेग डे नंतर स्नायूंमधून एएसटी आणि थोडं एएलटी (हेच ते एन्झाइम) रक्तात येतं आणि ते लिव्हरचं बिल समजून आपण घाबरतो, क्रिएटिनिनही जास्त मसल आणि क्रिएटिन सप्लिमेंटने वर दिसू शकतं. तेव्हा टेस्टच्या आधी तीन-चार दिवस जड वर्कआउट नको, आणि डॉक्टरांना काय काय घेतो ते सगळं सांगायचं, लपवायचं नाही.

मग वेळेचा हिशोब. समजा 80 किलो वजन, 15 टक्के फॅट, म्हणजे 12 किलो चरबी आणि 68 किलो बाकीचं सगळं. 5 टक्क्यांना जायचं आणि 68 तसंच ठेवायचं तर वजन साधारण 71.6 येतं, म्हणजे साडेआठ किलोच्या आसपास निव्वळ चरबी घालवायचीय. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरवावं असं नॅचरलसाठीच्या शिफारशी सांगतात, आणि माझं मत विचाराल तर अर्ध्याकडे झुका, एक टक्का पहिल्या दोन महिन्यांत चालतो, चरबी कमी झाल्यावर त्याच स्पीडने गेलात तर मसल जायला लागतं. अर्धा किलो आठवड्याला धरला तर 17 आठवडे, त्यात मधले डाएट ब्रेक, एखादं आजारपण, कुठलंतरी लग्नकार्य, म्हणजे 22 ते 24 आठवडे हातात पाहिजेत. 12 आठवड्यांत करून देतो म्हणणारा कोच एकतर तुम्ही आधीच बारीक आहात म्हणून म्हणतोय किंवा तुमच्या मसलचा बळी देणार आहे.

प्रोटीन लीन मासच्या (चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या) किलोमागे 2.3 ते 3.1 ग्रॅम, वरच्या माणसाला म्हणजे 156 ते 210 ग्रॅम. फॅट एकूण कॅलरीच्या 15 टक्क्यांखाली नेऊ नका. उरलेलं कार्बला, आणि ते वर्कआउटच्या आजूबाजूला. झालं, डाएटवर एवढंच.

मधल्या महिन्यांत काय काय होणार

पहिले सहा-सात आठवडे मजेत जातात. कपडे सैल, लोक विचारतात, आरसा खूश. इथे माणसाला वाटतं हे तर सोप्पंय, आणि स्पीड वाढवतो. नका वाढवू.

साधारण अर्ध्यावर आल्यावर वजन अडकतं. खाणं तेच, कार्डिओ तोच, काटा ढिम्म हलत नाही. याची दोन कारणं असतात आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे. एक म्हणजे तुम्ही नकळत कमी हलायला लागलेले असता. जिममध्ये तेवढंच करता पण उरलेले तेवीस तास सोफ्यात रुतून बसता, बोलताना हात हलत नाहीत, पाणी आणायला उठायचा कंटाळा येतो, आणि हे मुद्दाम होत नाही, मेंदू परस्पर कापतो. म्हणून पावलं मोजायला सांगितलं. माझी 9,000 वरून 5,500 झाली होती आणि मला शपथेवर वाटत होतं की मी तेवढाच चालतोय. अशावेळी कॅलरी कापण्याआधी पावलं परत जागेवर आणा. दुसरं कारण म्हणजे पाणी. ताण वाढला, झोप कमी झाली की कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) वर राहतं आणि शरीर पाणी धरून ठेवतं, चरबी जात असते पण काट्यावर दिसत नाही. मग एखाद्या दिवशी जरा पोटभर खाऊन, नीट झोपून उठलं की रात्रीत किलोभर गायब. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावर निर्णय घ्यायचाच नाही, आठवड्याची सरासरी बघायची, आणि दोन आठवडे सरासरी अडकली तरच काहीतरी बदलायचं.

झोपेचं जरा सविस्तर सांगतो कारण सगळे याला हलक्यात घेतात. 2010 मध्ये एक छोटा अभ्यास झाला होता, दहा माणसं, कॅलरी त्याच ठेवून एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपेची संधी दिली, दोन-दोन आठवडे. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी 55 टक्क्यांनी कमी गेली आणि त्या जागी चरबी सोडून दुसरं शरीर गेलं. म्हणजे पहाटे चारला उठून उपाशीपोटी कार्डिओ करणारा, रात्री बाराला झोपणारा माणूस स्वतःच स्वतःचं मसल जाळत असतो. प्रेपमध्ये त्रास असा की झोपायला वेळ असला तरी झोप येत नाही, पहाटे तीनला टक्क जाग येते आणि पोट बोलत असतं. मला शेवटी जमलं ते असं: दिवसातले कार्ब थोडे रात्रीच्या जेवणात सरकवले, पाणी संध्याकाळी सातनंतर घोट घोट, कॉफी दुपारी बारानंतर बंद. पूर्ण झोप नाही आली पण तीनची जाग साडेचारवर गेली, तेवढंही खूप होतं.

शेवटचे आठ आठवडे. आता खरा दुष्काळ. उन्हात उभं राहून थंडी वाजते कारण टी3 खाली गेलेलं असतं आणि अंगावर पांघरूणही उरलेलं नसतं. लाकडी खुर्चीवर बसवत नाही, बुडाखाली हाडं टोचतात, मी ऑफिसात घडी केलेला टॉवेल घेऊन बसायचो आणि लोकांना पाठीचा त्रास आहे म्हणून सांगायचो. बोटातली अंगठी साबण लावताना आपोआप निघून बेसिनमध्ये पडली तेव्हा काढून कपाटात ठेवली. बोलता बोलता शब्द सापडत नाही, फ्रीजचं दार उघडून आपण का उघडलं ते विसरतो. सकाळचं इरेक्शन बंद होतं, पार्टनरजवळ बसायचीही इच्छा होत नाही, आणि याबद्दल कोणी आधी सांगत नाही म्हणून पोरं मनातल्या मनात घाबरतात. पार्टनरला हे प्रेप सुरू व्हायच्या आधी सांगून ठेवा, नंतर भांडणात सांगितलं तर बहाणा वाटतो. रात्री झोपण्याआधी रेसिपीचे व्हिडिओ बघत बसणं हेही नॉर्मल आहे. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी पुरुषांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवून प्रयोग केला होता, त्यातले लोक जेवणाची पुस्तकं गोळा करायला लागले, ताट चाटायला लागले. तेव्हा कमकुवत मनाचे आहात म्हणून असं होत नाहीये, निश्चिंत राहा.

ट्रेनिंगमध्ये एक चूक सगळे करतात, वजन हलकं करून रेप्स वाढवतात, म्हणे कट्स येतील. कट्स चरबी गेल्याने येतात. जड वजनामुळेच शरीराला कळतं की हे मसल अजून कामाचं आहे, टाकून देऊ नको. सेट्स थोडे कमी करा, फेल्युअरला (पुढचा रेप निघणारच नाही इथपर्यंत) प्रत्येक वेळी जाऊ नका, पण बारवरचं वजन जमेल तितकं टिकवा. सांधे दुखायला लागले की व्यायाम बदला, फ्री स्क्वॉटच्या जागी मशीन घेतलं तर कोणी जेलमध्ये टाकत नाही.

दर सहा-आठ आठवड्यांनी एक ते दोन आठवडे मेंटेनन्सवर (वजन स्थिर राहील एवढ्या खाण्यावर) या, हाच डाएट ब्रेक, कॅलरी मुख्यतः कार्बने वाढवा. याने मेटाबॉलिझम जादूसारखा परत येतो असं मी म्हणणार नाही, पण झोप, ट्रेनिंग आणि डोकं जागेवर येतं आणि पुढचा टप्पा माणूस न फुटता पार करतो.

मुलींसाठी, आणि त्यांच्या कोचसाठी जास्तच

पाळी बंद होणं म्हणजे प्रेप बरोबर चाललाय असं सांगणारे कोच अजून आहेत. ती मेंदूने बंद केलेली असते, कारण व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराला जगायला पुरेशी ऊर्जा उरत नाही. ढोबळ हिशोब असा: एकूण खाल्लेलं, त्यातून व्यायामात जाळलेलं वजा करा, उरलेल्याला फॅट सोडून उरलेल्या वजनाने भागा. किलोमागे 45 कॅलरीच्या आसपास असेल तर बरं, 30 च्या खाली बरेच दिवस राहिलं तर गडबड. म्हणजे 45 किलो लीन वजनाच्या मुलीला व्यायाम वजा जाता 1,350 तरी उरायला हवेत. किती प्लॅनमध्ये एकूणच 1,200 असतात आणि वर दोन वेळा कार्डिओ, तुम्हीच बघा. इस्ट्रोजेन खाली गेलं की हाडं ठिसूळ व्हायला लागतात आणि ते आरशात दिसत नाही. एका स्पर्धक मुलीच्या प्रकाशित केसमध्ये शो नंतर पाळी परत यायला 71 आठवडे लागले. सलग तीन महिने पाळी नाही आली तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं, शो किती लांब आहे ते बघत बसायचं नाही. आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नसते, त्यावरून सगळं ठीक आहे असं समजू नका.

सर्दी झाली तर

हे छोटं वाटतं पण नॅचरलचं सगळं यावर अडतं. प्रेपमध्ये सर्दी-खोकला लवकर पकडतो, मग माणूस घरातली गोळी घेतो. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये सुडोएफेड्रीन असतं आणि ते स्पर्धेच्या काळात ठराविक मर्यादेच्या वर सापडलं तर वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) नियमात बंदी आहे. पाणी काढायच्या डाययुरेटिक गोळ्या तर सरळ बॅन. कॅफिन चालतं, 2004 पासून यादीत नाही. तुमच्या फेडरेशनची स्वतःची यादी असेल, काही जण पॉलिग्राफ (खोटं पकडायची टेस्ट) पण घेतात, तेव्हा ती यादी आधी वाचा आणि डॉक्टरांना दाखवा. युरिनमध्ये सापडलं की मला माहीत नव्हतं हे कोणी ऐकत नाही. फॅट बर्नरच्या डब्यांवर तर माझा अजिबात विश्वास नाही, लेबलवर न लिहिलेलं आत निघाल्याच्या केसेस कमी नाहीत.

पीक वीक

पीक वीक म्हणजे शोच्या आधीचा शेवटचा आठवडा. पहिल्या शोला मी दीड दिवस पाणी बंद केलं आणि मीठ चार दिवस. सकाळी स्टेजमागे रबर बँड ओढून ओढून दमलो, पंप (मसल रक्ताने फुगणं) काही येईना, छाती सपाट, आणि पोज धरताना पोटरीत गोळा आला तो स्टेजवरच. नंतर समजलं काय केलं ते. मसलचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो, आणि ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी आत जातं. म्हणजे कार्ब लोड करायचे आणि पाणी बंद करायचं हे फुगा फुगवायचा आणि तोंड उघडं ठेवायचं असं झालं. मीठ काढलं की रक्ताचं प्रमाण कमी होतं, पंप कुठून येणार. दुसऱ्या शोला पाणी नेहमीसारखं, मीठ नेहमीसारखं, शेवटचे दोन-तीन दिवस कार्ब वाढवले तेही रोजच्या खाण्यातलेच, आणि माझ्या नजरेत तरी मी दोन पट भरलेला दिसलो. जी गोष्ट आधी एकदा ट्रायल करून पाहिलेली नाही ती शोच्या आठवड्यात करायची नाही.

कधी थांबायचं

उभं राहिल्यावर अंधारी येणं कधीमधी होतं, पण बेशुद्ध पडलात, छातीत दुखलं, ठोके चुकल्यासारखे किंवा अचानक सुसाट वाटले, श्वास पुरेना झाला, तर त्या दिवशी प्रेप संपला, थेट डॉक्टर. पल्स कमी होणं अपेक्षित आहे, पण त्याबरोबर चक्कर असेल तर ईसीजी काढा. हाडावर एकाच ठिकाणी दुखतंय आणि चालताना वाढतंय तर स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं. आणि लपून खाऊन मग उलटी काढायला लागलात, किंवा जगण्यात राम नाही वाटायला लागलं, तर घरच्या एका माणसाला आणि डॉक्टरला लगेच सांगा. शो पुढच्या वर्षीही असतो.

शो संपला, आता?

सगळे प्लॅन इथे संपतात आणि खरा घोळ इथेच सुरू होतो. शोच्या रात्री मी जेवलो, ठीक. दुसऱ्या दिवशीही जेवलो. तिसऱ्या दिवशी रात्री दोनला ओट्याजवळ उभा राहून बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला आणि दुसरा फोडला, पोट दुखत होतं आणि भूक गेली नव्हती. पाच दिवसांत काटा सहा किलो वर, घोटे सुजलेले, मोज्याची खूण बोटभर खोल. घाबरलो, मग दोन दिवस उपाशी, मग परत पुडा. असे दोन महिने गेले.

कारण साधं आहे. लेप्टिन तळाला, घ्रेलिन म्हणजे भुकेचं हार्मोन वर, आणि पोट भरल्याचा सिग्नल वर पोचतच नाही. मिनेसोटाच्या लोकांचंही तेच झालं, मनसोक्त खायला मिळाल्यावरही पोट भरल्यासारखं वाटेना, आणि चरबी आधीच्या पातळीच्याही वर गेली. वजनातले पहिले तीन-चार किलो बहुतेक पाणी, ग्लायकोजेन आणि पोटातलं अन्न असतं, सूज आठवडा-दोन आठवड्यांत उतरते. नाही उतरली किंवा दम लागला तर दाखवा.

दुसऱ्या वेळी असं केलं. शोच्या महिनाभर आधीच, डोकं थोडं शाबूत असताना, पुढच्या आठ आठवड्यांचं खाणं कागदावर लिहून फ्रीजवर लावलं. शो नंतर एक रात्र मोकळी, दुसऱ्या दिवसापासून थेट नव्या मेंटेनन्सच्या जवळ, आठवड्याला 50-50 कॅलरी वाढवायचा खेळ नाही. तो रिव्हर्स डाएट मला पटत नाही, कारण त्यात माणूस आणखी दोन महिने दुष्काळातच राहतो आणि शरीराला तर दुष्काळ संपलाय हे कळवायचंय. त्यानंतर आठवड्याला अर्धा ते पाऊण किलो वाढू द्यायचं, मुद्दाम. शोच्या दिवशीच्या फॅटवर आणखी चार ते पाच टक्के परत आलं पाहिजे, आलं नाही तर हार्मोन येत नाहीत. कार्डिओ निम्मा, ट्रेनिंग आठवड्यातून चार दिवस, जेवणं ठरलेल्या वेळी, टेबलावर बसून. बिस्किटांचे पुडे घरात नाहीत. शोचे फोटो फोनमधून काढून लॅपटॉपवर टाकले, कारण रोज सकाळी आरशाशी तुलना करून मी पहिल्या वेळी वेडा झालो होतो.

रिकव्हरीचा काटा वजन धरू नका. सकाळची पल्स बेसवर आली का, झोप सलग लागते का, पाळी किंवा सकाळचं इरेक्शन परत आलं का, गरम व्हायला लागलं का, जेवण झाल्यावर जेवणाचा विचार थांबतो का, हे बघा. तीन महिन्यांनी आणि गरज पडली तर सहा महिन्यांनी तीच ब्लड टेस्ट परत करा. शो नंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागले तर तो जुन्या दुष्काळाचा उशिरा आलेला हप्ता आहे, बहुतेक वेळा आपोआप थांबतो.

पुढचा शो लगेच बुक करू नका, हे सगळं बेसवर आल्याशिवाय तर नाहीच. माझी पल्स सातव्या आठवड्यात 58 ला आली, भूक नवव्या आठवड्याच्या आसपास शांत झाली, आणि कपाटातली अंगठी अकराव्या आठवड्यात, थोडी घट्ट, पण बसली.